चेंडूची आंघोळ

आमच्या ताई रोज संध्याकाळी चेंडूला आंघोळ घालायच्या. रामघाटाच्या पाण्यालगतच्या पायरीवर बसायचं, फुटबॉल दोन्ही हातांनी गंगेत दाबून धरायचा, बुडबुडे थांबले की वर काढायचा आणि त्याच्यासाठी ठेवलेल्या वेगळ्या फडक्यानं पुसायचा. मग तो घरात जायचा. घराच्या चौकात एक जुनं शिंकं टांगलेलं होतं. पूर्वी त्यात लोण्याचं मडकं असायचं, आता फुटबॉल असायचा. बाहेरगावचा माणूस हे पाहून चकित व्हायचा. काशीच्या माणसाला त्यात विशेष काही वाटत नसे, कारण त्या नदीत माणसं याहून विचित्र गोष्टी न्हाऊ घालतात.

फुटबॉल खेळण्याचा पगार घेणारी ही मी पाहिलेली पहिली बाई. आणीबाणी उठून थोडी वर्षं झाली होती. ताई तिशी ओलांडलेल्या, उंच, सावळ्या, घोट्यापाशी जरा बाहेर वळलेल्या पायांच्या. एका सरकारी कचेरीत त्यांना खेळाच्या कोट्यातून घेतलं होतं. हुद्दा कारकुनाचा होता आणि टेबलावर टाइपरायटरही होता. त्यावर त्या डबा ठेवायच्या. सकाळी सही करायची आणि मैदानावर जायचं. वर्षातले बरेच महिने कचेरीच्या संघाबरोबर गावोगाव जायचं. पगार याच कामाचा होता आणि त्या तो चोख करायच्या.

घरी मात्र त्या कारकून होत्या. याला कारण ताईंचे वडील, अप्पा. अप्पा घनपाठी. घाटावरच्या त्यांच्या पाठशाळेत वीसेक बटू रोज ऋचा घोकायचे. चामड्याची चप्पल त्यांच्या उंबऱ्याच्या आत आली नाही आणि बाहेरचं अन्न त्यांच्या पोटात गेलं नाही. त्यांच्यासमोर 'मी अर्धी चड्डी घालून चामड्याच्या चेंडूला लाथा मारते' असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर अप्पांना शास्त्र बघून उत्तर द्यावं लागलं असतं, आणि शास्त्र काय म्हणेल हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग एक तर खेळ सुटला असता, नाही तर घर. म्हणून कुणी काही म्हणत नव्हतं, आणि जे कुणी म्हणत नव्हतं ते अप्पांना माहीत नव्हतं. ताई 'दौऱ्यावर' जायच्या. घर सांभाळणाऱ्या त्यांच्या विधवा काकू तेवढ्या अधूनमधून म्हणायच्या, "कलेक्टरला नसतील एवढे दौरे आहेत हिला."

चेंडूच्या आंघोळीच्या मुळाशी याच काकू होत्या. ताईंची आई लवकर गेली. ताई दहा-बारा वर्षांच्या असताना एका पावसाळ्यात पुराबरोबर एक फुटबॉल वाहत आला आणि रामघाटाच्या बुरुजाला अडकून राहिला. ताईंनी तो काढला आणि आधी काकूंना गाठलं.

"काकू, गंगेत न्हालं की शुद्ध होतं ना?"

"होतं."

"सगळं?"

"सगळं. विचारायचं काय त्यात?"

मग ताईंनी पाठीमागे धरलेला चेंडू पुढे केला. काकू स्वतःच्या तोंडानं बोलून अडकल्या होत्या. त्यांनी लोण्याचं मडकं फळीवर ठेवलं आणि शिंकं मोकळं करून दिलं. मात्र रोज न्हाल्याशिवाय तो उंबऱ्याच्या आत येणार नाही, ही अट घातली. पुढे कितीतरी चेंडू झाले, अट तीच राहिली. नवा चेंडू आणला की ताई दुकानदाराला विचारायच्या, "चामडं कशाचं?" तो म्हणायचा, "बकरे का." ताई आम्हाला बजावायच्या, "दुबारा विचारायचं नाही. त्यानं सांगितलं, आपण ऐकलं. झूठ असेल तर पाप त्याला."

या आंघोळीचा एक परिणाम कुणी धरला नव्हता. चामड्याचा चेंडू रोज बुडवला की पाणी पितो. ताईंचा चेंडू एखाद्या भरल्या कळशीसारखा जड असायचा. त्यावर त्या लहानपणापासून लाथा मारत आलेल्या. कॉलेजातल्या एका बाईंनी त्यांना लखनौला निवड चाचणीसाठी नेलं, तेव्हा ताईंच्या पायाला आयुष्यात पहिल्यांदा कोरडा चेंडू लागला. पहिली लाथ गोलपोस्टावरून गेली, भिंतीवरून गेली आणि पलीकडच्या वसाहतीत कुणाच्या तरी गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांत पडली. निवडणारे साहेब गच्चीकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं, "बेटी, कहाँ सीखा?" ताई म्हणाल्या, "रामघाट." ताईंची निवड झाली. सोवळ्यानं अनेकांचं आयुष्य अडवलेलं मी पाहिलंय. सोवळ्यामुळे ज्यांना नोकरी लागली अशा ताई एकट्याच.

माझी आणि त्यांची गाठ माझ्या आईच्या चुकीमुळे पडली. वडिलांची बँकेतून बदली झाली आणि आम्ही अमरावतीहून थेट काशीत, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या दोन खोल्यांत येऊन पडलो. मी बारा वर्षांची होते आणि मला सगळ्याचा राग आला होता. गल्लीचा, गायींचा, हिंदी शाळेचा. आईला काळजी की पोरीचं मराठी जाईल. कुणीतरी तिला सांगितलं की रामघाटावर घनपाठी गुरुजींची मुलगी रोज दुपारी मराठी मुलींना जमवून बसते. गुरुजींची मुलगी, घाट, दुपार, मुली. एवढं ऐकल्यावर कुठल्याही शहाण्या बाईनं जे समजावं तेच आईनं समजलं. तिनं मला परकर-पोलकं घातलं, बसायला आसन दिलं, हातात स्तोत्रांची पोथी दिली आणि पाठवलं.

घाटाच्या रुंद चौथऱ्यावर पाच-सहा मुली लांब लांब उभ्या होत्या. ताईंनी माझ्याकडे आणि पोथीकडे पाहिलं. त्या हसल्या वगैरे नाहीत.

"पोथी त्या कोनाड्यात ठेव. परकर खोच. तू तीन."

"तीन काय?"

"खडी राहा तिथे, मालूम पडेल."

पडलं. ओला चेंडू माझ्या पोटावर आला आणि मी आसनासकट बसले. आईला तीन आठवडे वाटत होतं की मी स्तोत्रं पाठ करतेय. एकदा तिनं घरी म्हणून दाखवायला सांगितलं, तेव्हा खरं बाहेर आलं. आई पोथी परत आणायला म्हणून तरातरा घाटावर गेली, पायरीवर बसून तासभर बघत राहिली आणि घरी येऊन मला म्हणाली, "डावा पाय वापरत जा." हे मी तिच्याकडून अपेक्षिलं नव्हतं.

आता ते आकडे. चौथऱ्याच्या बरोबर वर अप्पांचं घर आणि त्यातल्याच पाठशाळेची खिडकी होती. बटू जे घोकायचे त्याची एक ठरलेली रीत असते. ऋचेतले शब्द सरळ म्हणायचे, उलट म्हणायचे, पुन्हा सरळ म्हणायचे. पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा. मग एक शब्द पुढे सरकायचं आणि पुन्हा तेच. याला घन म्हणतात. मुलींना ते शिकवत नसत, पण ऐकायला बंदी घालता येत नाही, आणि ताईंचा जन्म त्या खिडकीखाली गेला होता. त्यांनी ऋचा सोडून दिली आणि रीत तेवढी घेतली. तीन मुली उभ्या करायच्या आणि चेंडू त्या क्रमानं फिरवायचा. एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन. मग पहिलीनं सुटायचं, चौथीनं आत यायचं, सगळा संच एक घर पुढे. आकडे मोठ्यानं म्हणायचे, आणि चुकलं की पहिल्यापासून.

"मंत्र मला येत नाही, म्हणायचाही नाही," ताई सांगायच्या. "पण चाल काय कुणाच्या बापाची आहे?" मग जरा थांबून म्हणायच्या, "म्हणजे आहे माझ्याच बापाची. पण ते असू दे."

कचेरीच्या संघालाही त्यांनी हेच शिकवलं होतं. बंगालच्या आणि मणिपूरच्या मुली मैदानावर मराठीत आकडे म्हणायच्या आणि समोरच्या संघाला वाटायचं की काहीतरी गुप्त भाषा चालली आहे. त्या मुली तळलेले मासे खायच्या आणि ताई त्यांच्यात बसून काकूंनी दिलेल्या दशम्या खायच्या.

सरावाला सुट्टी कधी, तर प्रतिपदेला आणि अष्टमीला. वेदाच्या पाठशाळेत त्या तिथ्यांना अनध्याय असतो, म्हणजे शिकायचं नाही. ताईंनी तो तसाच उचलला होता. रविवारी सराव असायचा, परीक्षा असली तरी असायचा, पण अष्टमीला चेंडू शिंक्यातच. मी शाळेत सांगून बघितलं की अष्टमीला आमच्याकडे खेळत नाहीत. बाईंना वाटलं काही व्रत असेल.

एकदा पाठशाळेतला एक मोठा शिष्य तक्रार घेऊन अप्पांकडे गेला. खिडकी उघडी होती, आम्ही खाली होतो, आणि आम्ही सगळं ऐकलं.

"गुरुजी, खाली मुली घनाची नक्कल करतात."

"मंत्र म्हणतात?"

"नाही. आकडे म्हणतात."

"आकड्यांना स्वर नसतो. जा, पाठ कर."

कुठल्या मुली, हे अप्पांनी विचारलं नाही. ताई त्या दिवशी फार खुशीत होत्या. त्यांनी आम्हाला कचौड्या खिलवल्या आणि स्वतः खाल्ल्या नाहीत. मी तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "ताई, अप्पांना तुम्ही सांगत का नाही?"

"विचारलं की उत्तर द्यावं लागतं," ताई म्हणाल्या. थोड्या वेळानं चेंडू पुसता पुसता म्हणाल्या, "एक दफा बघायला हवं होतं त्यांनी. बस. आणखी काही नको मला." मग त्यांना आपण जास्त बोललो असं वाटलं असावं. त्यांनी मला पायऱ्या चढून-उतरून यायला लावलं.

मधे एकदा त्यांना बघायला ग्वाल्हेरची माणसं आली होती. काकूंनी 'दौऱ्याची सरकारी नोकरी' एवढंच सांगितलं होतं. मुलानं सहज विचारलं, "खेळाची आवड आहे का?" ताई म्हणाल्या, "नाही. नोकरी आहे." मुलाला उत्तर कळलं नाही, पण ठाम वाटलं. पुढे वडीलधाऱ्यांच्या पाया पडायची वेळ आली आणि ताईंचा गुडघा वाकेना. आदल्याच आठवड्यात तो कुणाच्या तरी बुटाखाली आला होता. ग्वाल्हेरकरांना वाटलं मुलगी गर्विष्ठ आहे. जमलं नाही. ताई म्हणाल्या, "बरं झालं. मला सीझन होता."

तो गुडघा मात्र नंतर कधी नीट झाला नाही. त्या चिंध्या गुंडाळायच्या, हळद लावायच्या, आणि आम्हाला काही दिसू द्यायच्या नाहीत. आम्हालाही दिसलं नाही. सरावात त्या नेहमी 'दोन' असायच्या, कारण सगळे चेंडू दोनवरून जातात.

आणि मग कचेरीचा एक मोठा सामना खुद्द बनारसमध्ये ठरला. गावोगाव खेळलेल्या ताई पहिल्यांदा स्वतःच्या गावात खेळणार होत्या, आणि बहुधा शेवटच्या. साहेबांनी सांगून ठेवलं होतं की पुढच्या साली संघात नव्या मुली घ्यायच्या, त्यांनी आता टाइपरायटर शिकून घ्यावा. अप्पांनी बघायचं तर हीच एक वेळ होती. आम्ही मुली ताईंच्या मागे लागलो, सांगाच, सांगाच. ताई नुसत्या म्हणायच्या, "बघू. आधी आंघोळ."

सामन्याच्या सकाळी काय झालं ते काकूंनी मला पुढे सांगितलं. ताई न्हाऊन अप्पांसमोर उभ्या राहिल्या. अप्पांना मोतीबिंदूनं तोपर्यंत जवळजवळ काही दिसत नव्हतं आणि तोंडात एकही दात उरला नव्हता. ते मृगाजिनावर बसले होते.

"दौरा आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुठे?"

आजवर या प्रश्नाला कानपूर, पाटणा, जबलपूर अशी खरी उत्तरं होती. काकू दारात उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या.

"इथेच," ताई म्हणाल्या.

अप्पांनी मान हलवली. "मग जेवायला घरी येशील."

एवढंच झालं. ताई निघून गेल्या.

सामना आम्ही सगळ्या बघायला गेलो. काकूसुद्धा आल्या, नऊवारी नेसून, लाडवांचा डबा घेऊन. लाडू फक्त आपल्या बाजूच्या मुलींना द्यायचे असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. पहिल्या अर्ध्या वेळात ताई अशा खेळल्या की माझ्या शेजारचे लोक आकडे म्हणायला लागले. दुसऱ्यात मात्र गुडघा सुजला. शेवटी शेवटी एक-दोन-तीन छान झालं, तिसरीनं चेंडू परत दोनकडे दिला, आणि ताईंचं पाऊल उशिरा पडलं. जराच. समोरच्या मुलीनं चेंडू नेला आणि गोल केला. आम्ही हरलो. ताई मैदानात खाली बसल्या त्या उठेनात. काकूंनी डबा बंद केला. मी तेरा-चौदा वर्षांची होते आणि मी मोठ्यानं रडले, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.

दुसऱ्या दिवसापासून ताई कचेरीत टाइपरायटरसमोर बसू लागल्या. सराव बंद झाला. आम्ही दुपारी सवयीनं चौथऱ्यावर जमायचो, शेंगा खायचो, घरी जायचो. संध्याकाळी ताई लंगडत यायच्या, कुणाशी न बोलता चेंडूला आंघोळ घालायच्या आणि घेऊन जायच्या. न खेळलेल्या चेंडूला आंघोळ कशाला, असं एकीनं विचारलं. ताई म्हणाल्या, "मग काय पारोसा ठेवू?" घाटावरचा एक नावाडी, छेदी, आपल्या होडीतून म्हणाला, "ए दीदी, गेंदवा त बेकारे नहात बा." चेंडू फुकट न्हातोय म्हणे. ताईंनी तो पुसला आणि घेऊन गेल्या.

असे काही दिवस गेले. एका सुट्टीच्या दिवशी आम्ही शेंगा खात बसलो होतो. ताई खाली पायरीवर चेंडू बुडवत होत्या. वरून काठीचा आवाज आला. अप्पा उतरत होते. ते पहाटेच्या स्नानाखेरीज कधी घाटावर उतरत नसत. मागे एक बटू हात धरायला धावत होता आणि अप्पा त्याला हात देत नव्हते. चौथऱ्यावर येऊन ते थांबले आणि समोरच्या हवेला म्हणाले,

"परवा अष्टमी झाली, ते ठीक. आज दशमी. पाठ का बंद आहे?"

ताई ओला चेंडू घेऊन पायऱ्या चढून चौथऱ्यावर आल्या.

"प्रतिपदेच्या दुसऱ्या दिवसापासून ऐकू येत नाही," अप्पा म्हणाले. "त्याआधी महिनाभर दुसरी चुकत होती. म्हणजे चुकत नव्हती, उशीर करत होती. तिसरीकडून उलटं येताना."

आमच्यापैकी कुणालाही जे दिसलं नव्हतं ते या न दिसणाऱ्या माणसानं वर बसून ऐकलं होतं, सामन्याच्या आधी महिनाभर. आणि त्याच्याही आधी, इतकी सगळी वर्षं.

ताई म्हणाल्या, "गुडघा गेला, अप्पा."

"माझे दात गेले," अप्पा म्हणाले. "मी शिकवायचं सोडलं?"

ताईंच्या हातातून चेंडू सुटला. तो चौथऱ्यावर आपटला, घरंगळत गेला आणि अप्पांच्या अनवाणी पावलाला लागून थांबला. चामडं. सोवळ्यातल्या माणसाच्या पायाला. वरच्या खिडकीतून काकू ओरडल्या, "भावजी, शिवलात! स्नान करा!"

अप्पा काठी टेकून सावकाश खाली वाकले. त्यांनी चेंडूवर हात ठेवला, चाचपला, हात उलटा करून पुन्हा चाचपला.

"ओला आहे," ते म्हणाले. "याचं झालंय की स्नान. मग माझं पुन्हा कशाला?"

त्यांनी चेंडू हातानंच लोटून दिला. तो माझ्यापर्यंत आला. मग त्यांनी पायरी चाचपली, तिच्यावर बसले आणि काठी मांडीवर आडवी घेतली.

"दुसरीला माझ्यापाशी बसवा," ते म्हणाले. "तिच्या जागी आणखी कुणी उभं राहा. चला, पहिल्यापासून."

ताई येऊन त्यांच्या शेजारी बसल्या. सुरुवातीचा आकडा नेहमी त्या म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी तोंड उघडलं आणि पदरात घातलं. आम्ही वाट बघत उभ्या राहिलो.

"एक," अप्पा म्हणाले.